हँडब्रेकचा नट सगळ्यात शेवटी

जुन्या गाडीचा हँडब्रेक एका दिवसात जात नाही. तो हळूहळू ढिला पडतो आणि आपला हातही त्याला तितक्याच हळूहळू सरावतो. लिव्हर ओढताना होणारी प्रत्येक टिक म्हणजे एक दात. पाचव्या दातावर धरणारा लिव्हर सातव्यावर धरायला लागतो, मग नवव्यावर. आपण थोडा जास्त जोर लावतो, गाडी गिअरमध्ये टाकून ठेवतो, उतार दिसला की पुढे जाऊन सपाट जागा शोधतो. माझ्या गाडीचं असंच झालं होतं. लिव्हर टिकटिक करत जवळजवळ उभा राहायचा, तरी साध्या चढावर गाडी मागे रेलायची. दुसऱ्या कोणी चालवायला घेतली की पहिला प्रश्न ठरलेला : "याचा हँडब्रेक लागतो तरी का?"

गाडी जुन्या बांधणीची. पुढे डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, मागे ड्रम म्हणजे तसाच फिरणारा पोकळ डबा, दोन सीटच्या मध्ये ओढायचा लिव्हर आणि तिथून मागच्या दोन्ही चाकांकडे जाणाऱ्या केबल. या दुखण्यावरचा सगळ्यांना ठाऊक असलेला इलाज म्हणजे लिव्हरच्या बुडाशी असलेला नट कसायचा. दहा मिनिटांचं काम. मीही तिथलं प्लास्टिकचं झाकण उचललं, पण आत पाहिलं तर रॉडवर कसायला आटेच शिल्लक नव्हते. आधीच्या मालकाच्या हातून किंवा कुठल्या तरी गॅरेजात तो नट वेळोवेळी कसत कसत पार शेवटापर्यंत नेलेला होता. म्हणजे केबलमधली ढील काढायची तेवढी काढून झाली होती आणि तरीही ब्रेक लागत नव्हता. दुखणं केबलच्या या टोकाला नसून चाकाच्या बाजूला आहे, हे तिथेच कळलं.

हँडब्रेककडून नेमकी किती अपेक्षा ठेवायची, याचा एक चांगला अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मोटारींच्या ब्रेकविषयीच्या आर १३-एच या नियमावलीत मिळतो. पूर्ण भरलेली मोटार २० टक्के चढावर आणि तेवढ्याच उतारावर हँडब्रेकने जागच्या जागी धरली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने लावावा लागणारा जोर ४०० न्यूटनच्या वर जाता कामा नये, असं ती सांगते. २० टक्के म्हणजे शंभर मीटर आडवं अंतर गेल्यावर वीस मीटर उंची. सगळं धरून हजार किलो भरणारी गाडी अशा चढावर उभी असेल तर तिला खाली ओढणारा जोर सुमारे १९६ किलो वजनाएवढा होतो. ४०० न्यूटन म्हणजे साधारण ४० किलो. हाताच्या ४० किलोंत गाडीचा १९६ किलोंचा ओढा थोपवायचा, तर मधल्या प्रत्येक सांध्याने आपलं काम चोख करायला हवं. लिव्हर, केबल, ड्रममधली पट्टी, शू (ड्रमला आतून घासणारे कमानदार तुकडे) यांपैकी कुठेही दोन-चार मिलिमीटर वाया गेले की हातातला जोर ढील काढण्यातच संपतो.

उघडायच्या आधी दोन गोष्टी तपासून पाहिल्या. पहिली म्हणजे पायब्रेक. पेडल पहिल्या दाबाला बरंच खाली जायचं आणि लगेच दुसऱ्यांदा दाबलं की वरच घट्ट लागायचं. मागच्या ड्रममध्ये शू आणि ड्रम यांच्यात फट वाढली की असं होतं : पहिला दाब फट भरण्यात जातो, दुसरा कामाला येतो. (ब्रेकच्या ऑइलमध्ये हवा असली तरी पेडल पंप केल्यावर वर येतं, पण तेव्हा ते पायाखाली स्पंजासारखं दबतं. माझं दुसऱ्या दाबाला कडक लागत होतं.) ढिला हँडब्रेक आणि लांब जाणारं पेडल एकत्र दिसले की संशय ड्रमच्या आतल्या ॲडजस्टरवर, म्हणजे ही फट आपोआप भरून काढणाऱ्या भागावर, घ्यायचा.

दुसरी तपासणी मागची चाकं उचलून. इथे एक पेच आहे. ज्या ब्रेकच्या भरवशावर गाडी उभी करायची तोच सोडून काम करायचं असतं. म्हणून सपाट, कडक जमीन बघून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावले आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असल्यामुळे गिअरने पुढची चाकं अडतात आणि मागची मोकळी फिरतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे लागू नाही, तिथे सगळा भार ठोकळ्यांवरच. चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा वेढा सैल केले, मग जॅकने उचलून दोन्ही बाजूंना स्टँड दिले. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली हात घालायचा नाही. यात घाई चालत नाही.

लेकीला आत बसवलं आणि म्हटलं, एकेक दात ओढत जा, मी सांगेन तेव्हा थांब. ती दात मोजत होती, मी आळीपाळीने चाकं फिरवत होतो. सातव्या दाताला डावं चाक घासायला लागलं. उजवं मजेत फिरत होतं. "बाबा, आता ओढवत नाही," असं ती म्हणाली तेव्हा डावं चाक बऱ्यापैकी धरलं होतं आणि उजवं मी एका हाताने ढकलू शकत होतो. खाली वाकून पाहिलं तर दोन्ही केबल जिथे एका आडव्या पट्टीला येऊन मिळतात ती पट्टी, म्हणजे इक्वलायझर, तिरकी झाली होती. लिव्हरचा ओढा दोन्ही बाजूंना सारखा वाटणं हे तिचं काम. एका चाकाकडे जास्त ढील असली की ती त्या बाजूला कलते, आणि कलायची मर्यादा संपली की पुढचा जोर फुकट. तिच्या कलण्यावरून कुठलं चाक आधी उघडायचं ते ठरलं. तरी उघडायची दोन्ही होतीच.

ड्रम काढणं हा या कामातला सगळ्यात चिवट भाग. आधी लिव्हरकडचा नट पूर्ण सैल करायचा. तो गंजून बसला होता, त्याला गंज सोडवणारं तेल पाजून रात्रभर तसाच ठेवला तेव्हा कुठे हलला. त्यानंतर ड्रम. ड्रमच्या आत शू जिथे घासतात तिथे खोलगट पट्टा पडतो आणि कडेला न झिजलेली धार राहते. शू त्या धारेच्या आत अडकून बसलेले असतात, त्यामुळे ड्रम बाहेर येत नाही. लोक इथे मोठा हातोडा काढतात. ड्रम ओतीव लोखंडाचा असतो, कडेवर वेडावाकडा घाव बसला तर टवका उडतो किंवा तडा जातो. बऱ्याच ड्रमच्या तोंडावर दोन आट्यांची भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे सारखे कसत गेलं की ड्रम हबवरून, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यावरून, सरकतो. तेवढ्याने येत नसेल तर मागे बॅकप्लेटवर, म्हणजे शू ज्यावर बसतात त्या पत्र्यावर, रबरी बूच लावलेलं भोक असतं, त्यातून ॲडजस्टर मागे फिरवून शू आत घ्यायचे. एका बारीक स्क्रूड्रायव्हरने ॲडजस्टरच्या दात्यावर बसलेली पट्टी उचलून धरायची आणि दुसऱ्याने दातेरी चक्र फिरवायचं. दिसत काहीच नाही, सगळा अंदाज बोटांचा. डाव्या बाजूला हे जमलं. उजव्या बाजूला चक्र हलेचना, पण फट एवढी होती की बोल्ट कसल्यावर ड्रम तसाच निघून आला.

ड्रम निघाला की आत तपकिरी-काळी धूळ दिसते आणि पहिली इच्छा फुंकर मारायची होते. अजिबात मारायची नाही, हवेचा पाइपही लावायचा नाही. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुफ्फुसांत गेलं तर काय होतं हे आता सगळ्यांना माहीत आहे. नवे लायनर त्याशिवायचे असले तरी ती बारीक भुकटी श्वासात घ्यायच्या लायकीची नाही. मास्क लावला, खाली पसरट ट्रे ठेवला आणि ब्रेक क्लीनरने सगळं ओलं करून धूळ खाली धुऊन काढली. ओल्या फडक्याने पुसून फडकं पिशवीत बंद केलं.

आता उजव्या चाकाचं पोट समोर होतं. दोन शू, त्यांच्या वरच्या टोकांमध्ये पायब्रेकच्या ऑइलने शू बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर, त्याच्या खाली आडवी पट्टी आणि त्या पट्टीतच स्क्रूसारखा ॲडजस्टर. मागच्या शूला आतून एक आकडी जोडलेली, हँडब्रेकची केबल येऊन तिला अडकते. केबल ओढली की आकडी पट्टीला ढकलते, पट्टी पुढच्या शूला ढकलते, त्याच जोराने मागचा शूही बाहेर जातो आणि दोन्ही ड्रमला भिडतात. हायड्रॉलिकचा, म्हणजे ऑइलच्या दाबाचा, इथे काही संबंध नाही. म्हणूनच ब्रेकचं ऑइल गळून गेलं तरी हँडब्रेक लागतो.

ॲडजस्टरचं दातेरी चक्र गंजाने आट्यांवर चिकटलं होतं. पायब्रेक मारताना शू जास्त लांब जायला लागले की एक छोटी पट्टी या चक्राला एकेक दाता पुढे फिरवते आणि आडवी पट्टी लांब होऊन झिजेची भरपाई होते. हे चक्र बहुधा बऱ्याच काळापासून फिरलंच नव्हतं. लायनर झिजत गेले, फट वाढत गेली, आणि ती फट वरून नट कसून भरून काढली गेली.

खरी मेख त्या नटामुळे पुढे काय झालं यात आहे. लिव्हर पूर्ण खाली असताना शूवरची आकडी तिच्या थांब्याला टेकलेली असायला हवी. आकडीला एक लहानसा उंचवटा असतो, तो शूच्या पात्याला जाऊन भिडतो. नट सैल करायच्या आधी मी डाव्या बाजूला टॉर्च मारून बॅकप्लेटच्या भोकातून पाहिलं होतं. उंचवटा आणि पातं यांच्यात चांगली करंगळीच्या नखाएवढी फट होती. म्हणजे हँडब्रेक सोडलेला असतानाही केबलने आकडी अर्धवट ओढून धरली होती. आकडी ओढलेली राहिली की आडवी पट्टी कायम दाबाखाली राहते आणि ॲडजस्टरला वाटतं, फट फारशी नाहीच. तो फिरत नाही. तो फिरत नाही म्हणून लायनर झिजल्यावर पुन्हा फट वाढते, आणि कोणीतरी पुन्हा नट कसतो. उजवा ॲडजस्टर गंजाने बसला होता, डावा चांगला असूनही या कसलेल्या केबलने बसवून ठेवला होता. एका चाकाचं दुखणं दोन्ही चाकांना लावायचं काम त्या नटाने केलं.

"केबल ताणली गेली असेल" हे वाक्य मी या काळात अनेकांकडून ऐकलं. नवी केबल सुरुवातीला थोडी बसते हे खरं, पण पोलादी तारांची वळलेली केबल वर्षानुवर्षं रबरासारखी लांबत जात नाही. लिव्हर वर येतो तो बहुतेक वेळा लायनर झिजल्यामुळे आणि ॲडजस्टर चालत नसल्यामुळे. केबल खराब होते ती वेगळ्या रीतीने, आणि माझी झालीही होती. उजव्या केबलचं बाहेरचं काळं आवरण चाकाजवळच्या वळणावर तडकलं होतं. तिथून पाणी शिरून आतली तार गंजली होती. शूवरून सोडवून हाताने मागेपुढे ओढली तर वाळू भरल्यासारखी खरखरत होती आणि सोडल्यावर आपसूक परत जात नव्हती. अशा केबलला तेल पाजून ती काही दिवस चालते, पण गंज आतून तारा खात राहतो. एकेक धागा तुटतो आणि बाहेरून काही कळत नाही. दोन्ही केबल बदलायचं ठरवलं. एकच नवी टाकली तर एक बाजू सुळसुळीत आणि दुसरी जड राहते.

व्हील सिलिंडरचं रबर नखाने हळूच उचलून पाहिलं. कोरडं होतं. तिथून ऑइल झिरपत असतं तर सगळ्यात आधी तेच काम करावं लागलं असतं. ऑइल प्यालेले लायनर धुऊन, घासून, उन्हात ठेवून परत वापरायचे प्रयोग लोक करतात. ते करू नयेत, असे लायनर टाकून द्यायचे. माझ्या लायनरची जाडी अजून दोनेक मिलिमीटर होती, म्हणजे पुस्तिकेत दिलेल्या एक मिलिमीटरच्या मर्यादेच्या वर. पण पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता आणि एका शूच्या कडेला बारीक चिरा होत्या. नुसते काचपेपरने घासून बसवता आले असते. इतकं सगळं उघडल्यावर मला ते पटलं नाही. चारही शू नवे घातले. शू नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला खेचते.

ड्रमच्या अंगावर आतल्या व्यासाची कमाल मर्यादा उठवलेली असते, गंज घासल्यावर वाचता येते. व्हर्नियरने तीन-चार ठिकाणी मोजलं. मर्यादेच्या आत होता आणि सगळीकडे सारखा होता. म्हणून ड्रम तेच ठेवले, कडेची धार तेवढी कमी करून घेतली.

जोडणीत माझा एकच नियम होता : एका वेळी एकच बाजू उघडायची. दुसरी बाजू समोर नमुना म्हणून जशीच्या तशी राहते. कुठली स्प्रिंग पुढून, कुठली मागून, कुठला आकडा वरच्या भोकात, हे फोटोत नेहमी झाकलेलंच निघतं. दुसरं म्हणजे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर दिसायला सारखे असतात, पण आटे एकाचे उजवे तर दुसऱ्याचे डावे. अदलाबदल झाली तर ब्रेक मारत जाल तसा तो लांब होण्याऐवजी आखूड होत जातो. साफ करायला काढताना त्यांवर लगेच खूण केली.

शू बॅकप्लेटला धरून ठेवणारी टाचणी हा छळवाद आहे. टाचणी मागून येते, पुढून तिच्यावर छोटी स्प्रिंग आणि वाटीसारखा वायसर बसतो. वाटीच्या मध्ये फट असते आणि टाचणीचं डोकं चपटं. पक्कडीने वाटी दाबायची, फटीतून डोकं बाहेर आलं की नव्वद अंश फिरवायचं आणि सोडायचं. हे करताना दुसऱ्या हाताचं बोट बॅकप्लेटच्या मागून टाचणीवर दाबून ठेवावं लागतं, नाहीतर ती मागे पळते. स्प्रिंग निसटली तर थेट चेहऱ्याकडे येते, त्यामुळे चष्मा हवाच. मोठ्या परतीच्या स्प्रिंगा लावताना मी दोन्ही शूंचं खालचं टोक आधी बसवलं, वरचं नंतर सिलिंडरवर उचलून ठेवलं. काही जण उलट करतात. स्प्रिंग जास्त न ताणता जे जमेल ते.

ॲडजस्टर तारेच्या ब्रशने घासून आटे उघडे केले आणि चक्र एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांनी फिरतंय याची खात्री केली. बोटांनी फिरलं नाही तर ती इवलीशी पट्टी त्याला कशी फिरवणार? आट्यांना ब्रेकसाठीचं उष्णता सोसणारं ग्रीस, अगदी पातळ. बॅकप्लेटवर शूच्या कडा जिथे टेकून सरकतात ते उंचवटे घासून साफ केले आणि तिथेही तेच. तिथे खड्डे पडले असतील तर शू अडकतो, परत येत नाही. साधं चाकाचं ग्रीस इथे वापरायचं नाही, गरम होऊन वितळतं आणि लायनरवर जातं. लायनरला तर बोटही लागू द्यायचं नाही म्हणून हातमोजे बदलले.

एका बाजूचा ड्रम काढलेला असताना कोणीही ब्रेक पेडल दाबता कामा नये. अडवायला ड्रम नसला की सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडी मारतात आणि मग ऑइल, हवा काढणं, सगळंच मागे लागतं. आत बसणाऱ्या माणसाला हे आधीच बजावून ठेवायचं. मी लेकीला पाय वर घेऊन बसायला लावलं होतं.

दोन्ही बाजू जोडून झाल्यावर ॲडजस्टर इतका उघडला की ड्रम हलकेच घासत आत जाईल. दोन्ही ड्रम लागले. केबलचा नट अजून सैलच. आता पेडल. लेक पेडल दाबत-सोडत होती, मी उजव्या चाकापाशी कान लावून होतो. आतून टिक, टिक आवाज येत होता. प्रत्येक टिक म्हणजे चक्राचा एकेक दाता. थोड्या वेळाने आवाज थांबला, पेडलही वर आलं. "आता पहिल्यांदाच कडक लागतंय," ती म्हणाली. शू मधोमध बसले होते आणि ॲडजस्टर आपलं काम करत होता.

हे सगळं झाल्यावर नटाकडे वळायचं. लिव्हर पूर्ण खाली. आधी बॅकप्लेटच्या भोकातून पाहिलं : आकडी दोन्ही बाजूंना थांब्याला टेकलेली. मग केबलमधली ढील जेमतेम निघेल इतकाच नट कसला, लिव्हर जोरात ओढून-सोडून नवी केबल बसू दिली आणि पुन्हा थोडा कसला. पुस्तिकेत या गाडीसाठी दातांची जी मर्यादा दिली आहे तिच्यात बसवायचं. गाडीगणिक ती वेगळी असते, दुसऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्याला चालत नाही. माझ्याकडे पहिले दोन दात मोकळे, तिसऱ्याला दोन्ही चाकांना घासण्याचा आवाज, सहाव्याला दोन्ही हातांनी चाक हलेना. लिव्हर खाली टाकला की दोन्ही चाकं मोकळी. इक्वलायझर सरळ. रॉडवर आता नटापुढे चांगले बोटभर आटे दिसत होते.

डॅशबोर्डवरचा दिवा पहिल्या दाताला लागतो का आणि लिव्हर खाली गेल्यावर विझतो का, तेही पाहून घेतलं. लिव्हरच्या बुडाचा स्विच नट हलवताना सरकतो. दिवा विझला नाही तर माणूस त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो, आणि तोच दिवा बहुतेक गाड्यांत ब्रेक ऑइल कमी झाल्याचंही सांगतो.

परीक्षा उतारावर, दोन्ही तोंडांनी. ड्रमची गंमत अशी की चाक ज्या दिशेने फिरू पाहतं त्या दिशेचा एक शू ड्रमबरोबर ओढला जाऊन आपसूक जास्त घट्ट होतो. गाडी पुढे घसरू पाहते तेव्हा एक शू, मागे घसरू पाहते तेव्हा दुसरा. म्हणून एकाच तोंडाने धरलं म्हणजे झालं असं नसतं. गाडी दोन्ही तोंडांनी थांबली. पाय पायब्रेकच्या वर तयार ठेवूनच हे करायचं. धावत्या गाडीत हँडब्रेक ओढून पाहणारे लोक मी पाहिलेत. मागची चाकं जागीच अडली की गाडी फिरते, आणि त्यातून उतारावर धरण्याबद्दल काहीच कळत नाही.

नवे लायनर सुरुवातीला ड्रमला पूर्ण अंगाने टेकत नाहीत, काही ठिपक्यांवर टेकतात. म्हणून पहिल्या काही शे किलोमीटरपर्यंत हँडब्रेक जरा कमीच वाटतो. तेवढ्यात नटाकडे हात जायला बघतो. तो आवरायचा. नेहमीच्या ब्रेक मारण्याने लायनर बसतात.

सांभाळण्याचं म्हणाल तर हँडब्रेक वापरत राहणं सगळ्यात महत्त्वाचं. "कशाला झिजवायचा" म्हणून नुसत्या गिअरवर गाडी उभी करणाऱ्यांच्या केबल आधी गंजतात. फक्त गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल, विशेषतः धुतल्यावर किंवा पावसात भिजल्यावर, तर हँडब्रेक ओढून ठेवू नये. लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. तेव्हा सपाट जागा, गिअर आणि ठोकळे. पाण्यातून आल्यावर उभी करायच्या आधी थोडं अंतर पेडल हलकं दाबत चालवलं तर ड्रम वाळतात. उतारावर उभी करताना माझा क्रम असा : पायब्रेक दाबलेला, गाडी न्यूट्रल, हँडब्रेक ओढायचा, पायब्रेक सोडून गाडीचं वजन हँडब्रेकवर बसू द्यायचं आणि मग गिअर. चढाला तोंड असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स. बटण दाबून लिव्हर ओढला तर दात झिजत नाहीत असं काही जण म्हणतात. असेल. मला दात मोजायचे असतात म्हणून मी टिकटिक करतच ओढतो.

मागे डिस्क असलेल्या गाडीत रचना वेगळी आहे. कुठे डिस्कच्या पोटात छोटा ड्रम असतो, कुठे केबल थेट कॅलिपरवरची, म्हणजे डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या भागावरची, आकडी ओढते. ती आकडीही सोडल्यावर थांब्याला टेकायलाच हवी, तपासणी तीच. अशा बऱ्याच कॅलिपरचा पिस्टन नुसता दाबून आत जात नाही, फिरवत न्यावा लागतो. शिवाय डिस्क तापलेली असताना ओढलेला हँडब्रेक ती थंड झाल्यावर सैल पडू शकतो, म्हणून लांबच्या प्रवासानंतर उतारावर एखादा दात जास्त. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर पिस्टन मागे घेणारी सर्व्हिसची सोय वापरल्याशिवाय तिथे पाना लावू नये.

लायनर बसल्यावर मी मागची चाकं पुन्हा उचलून पाहिली. लिव्हर पाचव्या दातावर आला होता. डावं चाक मोकळं, उजवं एका ठिकाणी किंचित घासत होतं. ड्रम उतरवून पाहिला तर एका शूच्या कडेला ठिपका पडला होता, तो काचपेपरने उतरवला आणि घासणं गेलं. बॅकप्लेटचं उजवं रबरी बूच तडकलं होतं, तिथून चिखल-पाणी थेट ॲडजस्टरवर जात असणार. नवं बूच बसवलं. नटाला हात लावावा लागला नाही.